डबा तापतो, पण कुठे?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले. मधे गुडघ्याचं दुखणं निघालं, मग पाहुणे आले, मग पाऊस... असो. आजचा विषय वाचून आमच्या घरातली मंडळी नक्की म्हणणार, "हिला बॅटरीतलं काय कळतं?" बरोबर आहे. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली बाई. बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. पण लहान गावातल्या शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की सातवीचा विज्ञानाचा तास माझ्या गळ्यात पडायचा. मग आदल्या रात्री धडा वाचायचा, जे कळलं नाही ते सरांना घरी जाऊन विचारायचं आणि सकाळी वर्गात उभं राहायचं. त्या जुन्या सवयीच्या जोरावरच आज लिहिते आहे.

विषय आहे होडीतल्या लिथियम बॅटरीचा. खरं तर बॅटरीचा नाही, तिच्या आजूबाजूच्या सामानाचा. वायरी, जोड, फ्यूज, इन्व्हर्टर, इंजिनावरचा अल्टरनेटर. हे सगळं तापतं तेव्हा काय करावं? माझं मत आधीच सांगून टाकते. पंखा हे त्याचं पहिलं उत्तर नव्हे, शेवटचं आहे. होडीत तर नव्हेच नव्हे.

आता हे मत कसं बनलं ते सांगते.

माझा भाचा देवबागला असतो. देवबाग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, मालवणच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. भाचा खाडीत पर्यटकांना फिरवतो. होडी फायबरची, वर छप्पर, इंजिन डिझेलचं. बारा माणसं बसतात, खाडीत फिरतात, पक्षी बघतात आणि होडीतच जेवतात. हे जेवण त्याच्या बायकोच्या हातचं, म्हणून लोक दुसऱ्यांदा येतात. पूर्वी जेवण गरम करायला गॅसचा लहान सिलिंडर ठेवायचा. मला त्याची फार भीती वाटायची. मग त्याने लिथियमच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, इन्व्हर्टर घेतला आणि इंडक्शन शेगडी ठेवली. मी म्हटलं, छान केलंस. आग गेली, सिलिंडर गेला. माझ्या जिवाचा घोर गेला.

तो घोर २०२४ च्या मे महिन्यात परत आला. संध्याकाळची फेरी होती. होडी संगमाजवळ, सुकतीची वेळ, म्हणजे पाणी समुद्राकडे ओढणारं. शेगडीवर सार गरम होत होतं आणि एकाएकी सगळं बंद पडलं. शेगडी, दिवे, आतलं पाणी उपसणारा पंप, सगळंच. इंजिन तेवढं चालू होतं म्हणून तो मोबाईलच्या उजेडात सगळ्यांना घेऊन धक्क्याला लागला. होडीत दोन लहान मुलं होती. त्या रात्री त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

झालं होतं असं. लिथियम बॅटरीच्या आत एक राखणदार सर्किट असतं. त्याला बीएमएस म्हणतात. आतली उष्णता हद्दीबाहेर गेली की ते बॅटरी आपणहून तोडून टाकतं. इथे त्याने आपलं काम चोख केलं होतं. ज्यांनी सामान बसवून दिलं होतं त्यांना फोन केला, तर उत्तर मिळालं की कोकणातली हवाच गरम, डब्याला दोन भोकं पाडा आणि दोन पंखे बसवा. भाच्यालाही ते पटलं. मला म्हणाला, "आत्या, बॅटरी तापणा नाय, डबो तापता. दोन पंखे बसवले की झाला."

मी विचारलं, "डबा तापतो, पण कुठे?"

तो गप्प. मला काही फार कळत होतं म्हणून मी विचारलं नव्हतं हो. वर्गात एखादं पोर "बाई, दुखतंय" म्हणालं की आपण "कुठे?" असं विचारतोच की नाही? तसं विचारलं. पण त्या एका प्रश्नावर पुढचा अख्खा पावसाळा गेला. पावसाळ्यात पर्यटनाच्या होड्या बंद असतात, त्याची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती, त्यामुळे वेळ होता. आमच्या शाळेतले निवृत्त विज्ञानाचे सर (तेच, ज्यांच्या रजेमुळे मी विज्ञान शिकले) माझ्याबरोबर देवबागला आले. त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत मांडते. चूक असेल तर ती माझी.

वायरीतून वीज गेली की ती थोडी तापते. पण हिशोब साधा नाही. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आता १८०० वॉटची शेगडी घ्या. घरात २३० व्होल्टवर ती साधारण ८ अँपिअर घेते. होडीतली बॅटरी मात्र १२.८ व्होल्टची. तीच शेगडी तिथे इन्व्हर्टरमधून चालवायची तर त्यात जाणारी वीज धरून बॅटरीतून १५५ अँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो. म्हणजे घरच्या वीसपट. तीच वायर आणि तोच जोड असेल तर उष्णता वीस गुणिले वीस, चारशेपट! म्हणून तर होडीतली केबल अंगठ्याएवढी जाड असते.

जुन्या शिशाच्या बॅटरीत हा प्रश्न एवढा पुढे येत नसे, कारण ती बॅटरी स्वतःच आधी दमायची. एवढा भार टाकला की तिचं व्होल्टेज खाली बसायचं आणि इन्व्हर्टर कुरकुरत बंद पडायचा. लिथियम दमत नाही. मागाल तेवढं, मागाल तितका वेळ देत राहते. घरात एक माणूस न थकता काम करू लागला की बाकीच्यांची दमछाक होते, तसं तिच्या शेजाऱ्यांचं होतं. बॅटरी नवी आणली, पण तिचे शेजारी जुन्याच हिशोबाने बसवले, ही खरी गोम.

तर सरांनी काय केलं? शेगडी चालू करून मल्टीमीटरने एकेका जोडावर किती व्होल्ट गळतात ते मोजलं. एका टोकाला एक काडी, दुसऱ्या टोकाला दुसरी. बहुतेक जोडांवर ०.०१ व्होल्टपेक्षा कमी. एका जोडावर मात्र ०.२८ व्होल्ट. ऐकायला किती लहान आकडा! पण गुणिले १५० अँपिअर करा, ४२ वॉट होतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे सोल्डरिंगची जी तापती काडी असते, ती साधारण एवढ्याच वॉटची. म्हणजे शेगडी चालू असेपर्यंत बंद डब्यात, बॅटरीच्या टोकाला खेटून, एक सोल्डरिंगची काडी तापत होती. ती उष्णता जाड तांब्यातून थेट बॅटरीच्या आत जात होती आणि राखणदार घाबरून दार लावून घेत होता.

एक गंमत सांगते. भाच्याकडे तापमान बघायचं पिस्तूल होतं, लांबून लाल ठिपका टाकणारं. त्याने ते चकचकीत तांब्यावर धरलं तर तापमान अगदी कमी दाखवलं. तो म्हणाला, बघा, थंड आहे. सर हसले. चकचकीत धातूवर ते यंत्र फसतं. त्यांनी जोडावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, थोडं थांबले आणि पुन्हा बघायला सांगितलं. आकडा एकदम वर! मोजमाप हातात असूनही माणूस कसा फसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

जोड उघडला. काय निघालं असेल? एक वॉशर! आमच्याकडचे फिटर त्याला वायसर म्हणतात. वायरीच्या टोकाला जी तांब्याची टोपी असते, थिंबल, ती तांब्याच्या पट्टीला थेट चिकटून बसायला हवी. वॉशर तिच्या वर, नटाखाली. इथे स्टेनलेस स्टीलचा वॉशर थिंबल आणि पट्टी यांच्या मधोमध घातला होता. स्टेनलेस स्टील तांब्याच्या साधारण चाळीसपट वाईट वाहक आहे. ते समुद्रावर गंजत नाही म्हणून होडीत सगळीकडे वापरतात, ते चांगलंच. पण ते बसायची जागा चुकली. त्यात नटही नीट आवळलेला नव्हता.

भाचा बराच वेळ तो वॉशर तळहातावर घेऊन बसला होता. मग म्हणाला, "ह्या एवढ्याशा वायसरान माका बुडवल्यान असता गे आत्या!"

आता विचार करा. त्याने आधीच पंखे बसवले असते तर काय झालं असतं? डब्याचं तापमान थोडं उतरलं असतं. राखणदार गप्प बसला असता. आणि तो जोड आत तापतच राहिला असता. तापलेला जोड काळा पडतो, काळा पडला की अजून तापतो, त्याच्या शेजारचं प्लास्टिक मऊ होतं... शिवाय डब्याला दोन भोकं. कोकणातली हवा नुसती गरम नसते, ती खारट आणि ओली असते. पंखा जी हवा आत ओढतो तिच्यातलं मीठही आत ओढतो. ते मीठ जोडांवर बसतं, हिरवा थर चढतो आणि जोड अजून बिघडतात. म्हणजे ज्या रोगावर औषध, तोच रोग वाढवायचा.

हे काही देवबागच्या एका छोट्या होडीपुरतं नाही. नॉर्वेमध्ये २०१५ पासून 'अँपेअर' नावाची मोटारगाड्या वाहून नेणारी फेरीबोट पूर्ण विजेवर चालते. त्यानंतर तिथे अशा कितीतरी बोटी आल्या. बोटी वाढल्या तसे काही अपघातही झाले, आणि त्यांचे तपास सगळ्यांना वाचता येतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'इत्तेरोयनिंगेन' या फेरीबोटीच्या बॅटरीच्या खोलीत आग लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे स्फोट झाला. त्या बॅटऱ्यांना थंड ठेवायला द्रव खेळवलेला होता. एक गॅस्केट पिळवटलं, त्यातून तो द्रव गळला आणि विजेच्या ठिणग्या पडल्या, असं तपासात पुढे आलं. मार्च २०२१ मध्ये ओस्लोजवळच्या समुद्रात 'ब्रिम' नावाची पर्यटकांची बोट पेटली. बॅटरीच्या खोलीत हवा खेळती ठेवण्याची जी वाट होती, तिच्यातून समुद्राचं पाणी आत शिरलं असावं, असा तिथला निष्कर्ष. दोन्ही वेळा कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. त्या बॅटऱ्या वेगळ्या जातीच्या आणि प्रचंड मोठ्या. भाच्याच्या होडीतली लिथियम आयर्न फॉस्फेटची जात त्या मानाने पुष्कळ शांत. तरी मला त्यात एक सारखेपणा दिसला. एका ठिकाणी थंड करणारा द्रवच घात करून गेला, दुसऱ्या ठिकाणी थंड हवेची वाट. म्हणजे होडीत थंडावा आणायचा तर त्याच्याबरोबर काय आत येईल, हे आधी विचारायला हवं.

याचा अर्थ थंड करूच नये असा नाही. सरांनी मला हे दोनदा बजावलं, कारण मी जोशात येऊन पंख्यांविरुद्ध बोलायला लागले होते. :) इन्व्हर्टर उत्तम असला तरी शंभरातले आठ-दहा वॉट उष्णतेत घालवतोच. २००० वॉट त्यातून नेले की जवळजवळ २०० वॉट उष्णता झाली. ती कुठेतरी जायलाच हवी. आतले कपॅसिटर दर दहा अंश उष्णता वाढली की साधारण निम्म्या आयुष्याचे होतात, असा ठोकताळा आहे. शिवाय त्याच्यावर लिहिलेली ताकद पुष्कळदा २५ अंशांची असते. आमच्याकडे मे महिन्यात छपराखाली २५ अंश कुठून आणणार? तेव्हा इन्व्हर्टरला हवा लागणारच. प्रश्न तो कुठे ठेवायचा हा आहे.

अल्टरनेटरचंही तसंच. त्याच हंगामात फेब्रुवारीत भाच्याचा अल्टरनेटर जळला होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याला नशिबाचा भाग म्हटलं होतं. शिशाची बॅटरी भरत आली की कमी कमी प्रवाह घेते, त्यामुळे अल्टरनेटरला मधूनमधून विसावा मिळतो. लिथियम जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण प्रवाह ओढते. त्यात पक्षी बघायला इंजिन मंद ठेवलेलं. अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो, म्हणजे इंजिन मंद की पंखाही मंद. काम सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात कमी. बिचारा जळेल नाही तर काय!

मग पावसाळ्यात काय काय केलं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. सगळे जोड उघडून साफ केले, थिंबल तांब्याला थेट टेकवल्या, वॉशर वर घेतले आणि नट टॉर्क पान्याने नेमून दिलेल्या मापाला आवळले. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यातली केबल जाड आणि आखूड केली. इन्व्हर्टर बॅटरीच्या डब्यातून काढून छपराखाली कोरड्या, उंच जागी नेला, जिथे त्याच्या स्वतःच्या पंख्याला मोकळी हवा मिळेल. बॅटरीचा डबा पंख्याविना ठेवला आणि इंजिनापासून लांब सरकवला. फ्यूजची पट्टी अॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवली, म्हणजे उरलीसुरली उष्णता पत्र्यातून पसरून जाते. अल्टरनेटर आता फक्त इंजिनाच्या जुन्या शिशाच्या बॅटरीला जोडलेला आहे. तिथून लिथियमकडे जाणाऱ्या वाटेवर ३० अँपिअरपेक्षा जास्त न घेणारा चार्जर आहे. तोही तापतो, म्हणून तोही मोकळ्यावर लावला. शेगडी १२०० वॉटच्या वर न्यायची नाही, असं वहिनीने, म्हणजे भाच्याच्या आईने, बजावून ठेवलं आहे. सार गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढंच. आणि दिवे व पंप यांना वेगळी छोटी बॅटरी, म्हणजे शेगडीच्या पायी पुन्हा अंधार नको.

खर्च झाला का? झाला. पण नवीन बॅटरी घ्यावी लागली असती त्याच्या मानाने काहीच नाही. पुन्हा मोजलं तेव्हा शेगडीवर तेवढाच भार ठेवूनही त्या जोडावरचे ४२ वॉट जवळजवळ शून्यावर आले होते. जी उष्णता तयारच झाली नाही, तिला थंड करायचा प्रश्नच येत नाही. मला वाटतं सगळ्या विषयाचं सार एवढंच आहे. आधी उष्णता कमी निर्माण होऊ द्या. मग ती धातूतून शांतपणे बाहेर काढा. त्यानंतरही उरली तर पंखा.

पुढच्या वेळी होडी नव्याने बांधायची झाली तर भाचा ४८ व्होल्टची बॅटरी घेणार म्हणतो. व्होल्ट चौपट म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह पाव, आणि त्याच केबलमध्ये उष्णता सोळावा हिस्सा. हे गणित आता तो मला शिकवतो!

आता माझं शेवटचं म्हणणं. आपल्या देशातही विजेच्या बोटी वाढताहेत. केरळात वैकमला २०१७ पासून 'आदित्य' ही सौर फेरीबोट चालते, कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू झाली. आपल्या कोकणातल्या खाड्यांतही हे येणार आणि यावं, मला त्याचा आनंदच आहे. पण घेताना आपण काय विचारतो? बॅटरी किती मोठी, किती तास चालते, किंमत काय. कुठला भाग किती तापेल, ती उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाईल आणि त्या वाटेने खारं पाणी आत येणार नाही ना, हे कुणी विचारत नाही. सामान बसवणाऱ्याने प्रत्येक जोडाचं मोजमाप लिहून द्यावं, असा आग्रह गिऱ्हाइकाने धरायला हवा. भाच्याला तो कागद पहिल्या दिवशी मिळाला असता तर ती संध्याकाळ टळली असती. आणि काही बिघडलं तर नॉर्वेवाल्यांसारखं ते उघडपणे सांगावं. आपल्याकडे होड्यांचे असे प्रसंग धक्क्यावरच मिटतात. भाच्यानेसुद्धा आधी मला म्हटलं होतं, "कुणाक सांगू नको." धंद्याची भीती. हा लेख मी त्याला विचारूनच लिहिला आहे.

होडी सप्टेंबरात पाण्यात गेली. पहिल्या फेरीला मी आणि सर दोघंही होतो. संगमाजवळ शेगडी लावली, सार उकळलं, दिवे शांतपणे जळत राहिले. मी काळ्या चिकटपट्टीवर लाल ठिपका धरून आकडा वाचला, मगच जेवायला बसले. सगळे हसले. हसू देत.

तुमच्यापैकी फार जणांकडे होडी नसेल, पण घरी इन्व्हर्टर असेल, दारात विजेची स्कूटर असेल. तिथे काही तापत असेल तर पंखा लावण्याआधी कुठे तापतंय ते कुणा जाणकाराकडून बघून घ्या, आणि काय निघालं ते मलाही कळवा.